शॉटगनवर जादा काडतुसांचा होल्डर: निवड, जोडणी आणि पुन्हापुन्हा येणारे प्रश्न

बहुतेक प्रश्न अमेरिकेत राहणाऱ्या आणि रेमिंग्टन ८७० किंवा मॉसबर्ग ५०० या पंप शॉटगन बाळगणाऱ्या मराठी वाचकांचे असतात, म्हणून उत्तरांचा भरही त्याच बंदुकांवर आहे. भारतातल्या बारा बोअर (म्हणजेच बारा गेज) बंदुकीविषयी प्रश्न १७ पासून पुढे वाचा. कुठलंही काम सुरू करण्याआधी चेंबर (काडतूस झाडलं जातं ती पोकळी) आणि मॅगझिन नळी (पुढची काडतुसं भरून ठेवायची नळी) डोळ्यांनी पाहून आणि बोट घालून रिकामी असल्याची खात्री करा, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. प्रत्येक उत्तरात हे पुन्हा लिहिलेलं नाही, पण ते प्रत्येक उत्तराला लागू आहे.

१. साइड सॅडल, शेल कार्ड, बट कफ: यांत नेमका फरक काय?

तिन्ही एकच काम करतात, जादा काडतुसं बंदुकीवरच ठेवण्याचं. फरक जागेत आणि जोडणीत आहे. साइड सॅडल रिसीव्हरच्या, म्हणजे चापाच्या वरच्या मधल्या धातूच्या पेटीच्या, डाव्या अंगाला पक्कं बसतं. त्यात एक पट्टी असते, तिच्यावर काडतुसं धरणारे खाचे, आणि सगळं बंदुकीच्या ट्रिगर पिनांच्या जागी घातलेल्या लांब स्क्रूंवर तोललेलं. टॅकस्टारचं प्लास्टिकचं आणि मेसा टॅक्टिकलचं ॲल्युमिनियमचं, ही त्याची दोन परिचित रूपं. शेल कार्ड म्हणजे इलॅस्टिकच्या कप्प्यांची पट्टी. ती रिसीव्हरवर चिकटवलेल्या वेल्क्रोला लागते आणि रिकामी झाली की ओढून दुसरी लावता येते. बट कफ दस्त्यावर मोजासारखा चढतो, इलॅस्टिकचा किंवा चामड्याचा. शर्यतीवाले खेळाडू काडतूस बाहेर पडण्याच्या खिडकीजवळ एकाच काडतुसाचा छोटा होल्डरही लावतात. तो वेगळ्या गरजेचा प्रकार आहे, इथे त्यात शिरत नाही.

२. मी नवखा आहे. एकच सांगा, काय घेऊ?

शेल कार्ड. बंदुकीचा एकही भाग उघडावा लागत नाही, चूक झाली तर सोलून काढता येतं, आणि घरात लहान मुलं असतील तर काडतुसांसकट कार्ड काढून वेगळ्या कुलपात ठेवता येतं. ही शेवटची सोय पिनवाल्या होल्डरला, म्हणजे साइड सॅडलला, नाही. साइड सॅडल घ्यायचं ते बंदूक खडबडीत वापरात असेल, पाऊस-चिखलात जात असेल आणि वेल्क्रोवर भरवसा ठेवायचा नसेल तर. बट कफ आम्ही शेवटी सुचवतो, पण ज्या बंदुकांना रिसीव्हरवर जागाच नाही त्यांना तोच बरा.

३. चार काडतुसांचा घेऊ की सहाचा?

चारचा. बारा गेजचं एक भरलेलं काडतूस साधारण ४५ ते ५० ग्रॅमचं असतं. सहा म्हणजे ३०० ग्रॅमच्या आसपास, वर होल्डरचं वजन, आणि हे सगळं बंदुकीच्या एकाच अंगाला. नेम धरताना बंदूक डावीकडे कलते, आणि हा कल पहिल्या दिवशी जाणवत नाही, अर्धा तास उचलून धरल्यावर जाणवतो. शिवाय सहाचा होल्डर लांब असतो आणि लांब फोरएंडच्या, म्हणजे पंप करताना सरकवायच्या पुढच्या मुठीच्या, वाटेत येतो (प्रश्न ६). सहाचा घेऊन चारच भरले तर वजनाचा प्रश्न सुटतो, लांबीचा सुटत नाही.

४. रेमिंग्टन ८७० वर पिनवाला होल्डर घरच्या घरी कसा बसवायचा?

लागणारं सामान: किटमधली ॲलन की, पितळी किंवा नायलॉनचा पंच, हलकी हातोडी, निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव), जाड टॉवेल, आणि बार नसलेली सरावाची काडतुसं. ही काडतुसं नसतील तर काम सुरूच करू नका, कारण शेवटची तपासणी त्यांच्याशिवाय होत नाही.

८७० ची ट्रिगर असेंब्ली दोन आडव्या पिनांवर टांगलेली असते, एक पुढे, एक मागे. होल्डरचे स्क्रू याच पिनांची जागा घेतात. असेंब्ली बाहेर काढायची गरज नाही, आणि काढूही नका. दोन्ही पिना एकदम काढल्या की ती खाली सुटते, मग ती परत बसवणं हा वेगळा उद्योग होतो. एका वेळी एकच पिन.

सेफ्टी लावून बंदूक टॉवेलवर आडवी ठेवा. पुढची पिन पंचाने हलके ठोकत बाहेर ढकला आणि तिच्या मागोमाग नवा स्क्रू आत सरकवा, म्हणजे भोक क्षणभरही रिकामं राहत नाही. नंतर तेच मागच्या पिनेचं. पुढची आणि मागची पिन सारखी नसते, म्हणून दोन वेगळ्या पुड्यांत नाव घालून ठेवा. होल्डर कधी काढायचा झाला तर त्या लागतील.

आता पट्टी डाव्या अंगाला धरून स्क्रू आवळा, पण ॲलन कीचा आखूड टोकाचाच हात वापरून. लांब टोक हातात आलं की जोर नको तेवढा लागतो. स्क्रू टेकला, पट्टी हलायची थांबली, की पाव फेरा आणि बस. प्रत्येक पाव फेऱ्याला पंप पुढे-मागे करून पाहा. आधी जितका हलका चालत होता तितकाच चालायला हवा.

सगळं ठीक असेल तर एक स्क्रू सोडवा, टोकाच्या आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब लावा, पुन्हा तेवढाच आवळा, मग दुसरा. एकच थेंब, कारण जास्त झालेला द्रव ट्रिगर असेंब्लीत उतरतो. नव्या ८७० एक्सप्रेसमध्ये ट्रिगरचा साचा प्लास्टिकचा असतो, आणि थ्रेडलॉकरने काही प्लास्टिकांना तडे जातात. लाल थ्रेडलॉकर वापरू नका, तो तापवल्याशिवाय सुटत नाही. निळा पूर्ण घट्ट व्हायला २४ तास द्या. स्क्रूच्या डोक्यापासून पट्टीवर येईल अशी रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवा. पुढे कधी रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला हे एका नजरेत कळतं.

शेवटी सरावाची काडतुसं मॅगझिनमध्ये पूर्ण भरून सगळी पंप करून बाहेर काढा. सेफ्टी दोन्हीकडे सरकते का, चाप ओढल्यावर हॅमर पडतो का, हेही पाहा. नंतर रेंजवर एक पेटी उडवून झाली की रेघा पुन्हा तपासा.

५. होल्डर बसवल्यापासून पंप जड चालतोय. बंदूक बिघडली का?

बिघडलेली नाही, आवळली गेली आहे. रिसीव्हरच्या भिंती पातळ असतात. आरपार गेलेले स्क्रू जास्त आवळले की त्या आत दाबल्या जातात आणि आतून सरकणारा बोल्ट व ॲक्शन बार घासायला लागतात. या होल्डरांबद्दल येणाऱ्या तक्रारींत सर्वांत मोठा वाटा याचाच. दोन्ही स्क्रू अर्धा फेरा सैल करा आणि पंप चालवा. हलका झाला तर निदान झालं. मग प्रश्न ४ प्रमाणे टप्प्याटप्प्याने पुन्हा आवळा.

सैल करूनही जड राहिला तर तीन गोष्टी पाहा: स्क्रूचं टोक आत डोकावतंय का, थ्रेडलॉकर आत उतरून चिकटलाय का, फोरएंड होल्डरला घासतंय का. तिसऱ्याचं उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

उलट टोकाची चूकही तितकीच वाईट. सैल राहिलेला स्क्रू गोळीबाराच्या धक्क्यांनी हळूहळू बाहेर सरकतो. तो ट्रिगर पिनेचं काम करतोय हे विसरू नका. तो निघाला तर ट्रिगर असेंब्लीचा आधारच जातो. आवळणं कमी आणि थ्रेडलॉकर नक्की, असा हिशेब ठेवा.

६. पंप मागे ओढला की फोरएंड होल्डरवर आदळतो. होल्डर चुकीचा आला का?

होल्डर बरोबर आहे, फोरएंड लांब आहे. शिकारीसाठी विकल्या जाणाऱ्या पंप बंदुकांचा फोरएंड मागे ओढल्यावर रिसीव्हरच्या पुढच्या भागावर चढतो. होल्डर नेमका तिथेच असतो. पोलीस मॉडेलचा फोरएंड आखूड असतो, त्याला ही अडचण येत नाही. फोरएंड होल्डरला अडला की पंप पूर्ण मागे जात नाही, रिकामं टरफल बाहेर पडत नाही किंवा पुढचं काडतूस वर येत नाही, आणि दोष मात्र काडतुसांना दिला जातो.

विकत घेण्याआधी पंप पूर्ण मागे ओढून धरा आणि फोरएंडची मागची कड रिसीव्हरवर कुठपर्यंत येते तिथे पेन्सिलीने खूण करा. त्या खुणेच्या मागे उरलेली लांबीच तुमची. उपाय तीन: आखूड फोरएंड बसवणं, कमी काडतुसांचा होल्डर घेणं, किंवा शेल कार्ड मागे सरकवून चिकटवणं. फोरएंड घासून आखूड करायचा मोह होतो. लाकडाचा असेल तर एकवेळ जमेल, पण ८७० मध्ये फोरएंडच्या आतली धातूची नळीही वेगवेगळ्या लांबीची येते, त्यामुळे नुसतं बाहेरचं आवरण बदलून भागेलच असं नाही. ऑर्डर देण्याआधी नळी मोजा.

७. मॉसबर्ग ५०० ला ८७० चा होल्डर चालेल का?

नाही. मॉसबर्ग ५०० आणि ५९० मध्ये ट्रिगर असेंब्लीला मागे एकच आरपार पिन असते, म्हणून होल्डरला दुसरा आधार दुसरीकडून घ्यावा लागतो. बऱ्याच होल्डरांत तो रिसीव्हरच्या माथ्यावरच्या, दुर्बीण बसवण्यासाठी पाडलेल्या आट्यांच्या भोकांतून घेतात. रिसीव्हर ॲल्युमिनियमचा आहे, ८७० चा पोलादी. ॲल्युमिनियममधल्या आट्या जोर लावला की झटकन मरतात, तेव्हा तिथे हात आणखी हलका हवा. माथ्यावर रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारं नेमाचं यंत्र) लावायचा असेल तर आधी प्रश्न १३ वाचा.

८७० चा होल्डर रेमिंग्टनच्याच ११०० आणि ११-८७ या बारा गेज बंदुकांना बहुधा चालतो, कारण त्यांच्या पिनांची मांडणी सारखी आहे. पाकिटावर तुमच्या मॉडेलचं नाव आहे ना, एवढं पाहून घ्या. आणि ८७० असली तरी वीस गेजची असेल तर तिचा रिसीव्हर लहान असतो, बारा गेजचा होल्डर तिला बसत नाही.

८. चिकटवलेलं वेल्क्रो आठवड्यात सुटून आलं. गोंद वाईट होता का?

गोंद क्वचितच वाईट असतो. रिसीव्हरवर तेल होतं. बंदूक वर्षानुवर्षं तेलाने पुसली जाते आणि ते तेल पृष्ठभागाच्या बारीक खळग्यांत मुरतं. नुसत्या कोरड्या फडक्याने ते जात नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा, कापूस काळा निघेल. नवा घ्या, पुन्हा पुसा. कापूस पांढरा राहीपर्यंत हे चालू ठेवा. मग बोट न लावता पट्टी चिकटवा आणि अंगठ्याने मधून कडांकडे दाबत जा.

खरी घाई पुढे होते. चांगला दाबचिकट गोंद खोलीच्या तापमानाला पूर्ण पकड धरायला सुमारे ७२ तास घेतो. त्याआधी कार्ड लावून ओढाताण केली तर तो अर्धवट धरूनच राहतो. थंडीत, म्हणजे शिकागोच्या जानेवारीत गॅरेजमध्ये चिकटवलं तर तो धरतच नाही. घरात आणा, बंदूक कोमट होऊ द्या, मग चिकटवा.

पट्टीचे चारही कोपरे कात्रीने गोल करा, टोकदार कोपरा कपड्यात अडकून पहिला उचलला जातो. रिसीव्हरवर वेल्क्रोची कुठली बाजू चिकटवायची ते कार्डच्या पाठीवर ठरतं, पण निवड असेल तर मऊ बाजू बंदुकीवर ठेवा. कार्ड नसताना खरखरीत बाजू हाताला आणि कव्हरच्या अस्तराला ओरबाडते.

९. काडतुसाचं पितळ वर ठेवायचं की खाली?

मॅगझिन नळी भरायची असेल तर पितळ खाली. डावा हात खालून येतो, काडतूस खाली ओढतो, त्याचं तोंड पुढे वळवतो आणि अंगठा पितळी बुडावर आपोआप येतो. तोच अंगठा ते नळीत ढकलतो. पितळ वर असेल तर याच कामाला मनगट उलटं वळवावं लागतं.

बंदूक पूर्ण रिकामी झाल्यावर खिडकीतून थेट एक टाकायचं असेल तर ते पितळ वर बरं पडतं, कारण हात वरून येतो. म्हणून बरेच जण सगळी खाली आणि सर्वांत पुढचं एक वर, अशी मांडणी करतात. अंधारातही बोटाला कळतं की हे वेगळं आहे. स्लग (एकच मोठी गोळी असलेलं काडतूस) आणि छर्रे दोन्ही बाळगणारे याच युक्तीने स्लग ओळखतात. कुठलीही मांडणी निवडा, पण दर महिन्याला बदलू नका.

१०. गोळी झाडली की एखादं काडतूस गळून पडतं. काय करू?

आधी पाहा, पडणारं काडतूस पितळ खाली असलेलंच आहे का. इलॅस्टिकच्या कप्प्यात पितळ वर असेल तर बुडाची कड कप्प्याच्या वरच्या काठावर अडते आणि काडतूस खाली जाऊ शकत नाही. पितळ खाली असलं की नुसत्या घर्षणावर सगळी भिस्त. इलॅस्टिक सैलावलं की पहिलं तेच पडतं. सैलावलेलं इलॅस्टिक दुरुस्त होत नाही, कार्ड बदला.

ॲल्युमिनियमच्या होल्डरांत काही ठिकाणी रबराची नळी काडतुसांवर दाब देते. ती कडक झाली, तेलाने फुगली किंवा जागेवरून सरकली की पकड जाते. प्लास्टिकच्या होल्डरात खाचे झिजतात, तिथे आतून विजेची चिकटपट्टी लावणं हा तात्पुरता जुगाड आहे, पण तिचा गोंद उन्हाने वितळून काडतुसाला लागतो आणि मग तेच काडतूस चेंबरमध्ये जातं. ते करू नका.

११. वीस गेजची काडतुसं बारा गेजच्या होल्डरमध्ये घट्ट बसवली तर?

अजिबात नको. प्रश्न होल्डरच्या पकडीचा नाही. वीस गेजचं काडतूस चुकून बारा गेजच्या चेंबरमध्ये गेलं तर ते तिथे थांबत नाही. पुढे सरकून बंदुकीच्या नळीच्या (बॅरलच्या) सुरुवातीला अडकतं. चेंबर रिकामं दिसतं, म्हणून माणूस वर बारा गेजचं काडतूस भरतो आणि चाप ओढतो. नळी तिथेच फुटते, डाव्या हाताच्या वर. म्हणूनच अमेरिकेत वीस गेजचं काडतूस पिवळ्या रंगाचं असण्याचा प्रघात आहे. घरात दोन्ही गेज असतील तर होल्डर, पट्टे आणि पिशव्या वेगळ्या ठेवा. बारा गेजच्या बंदुकीवर पिवळं काडतूस दिसलं तर ते तिथे कसं आलं ते आधी शोधा.

१२. मी डावखुरा आहे. साइड सॅडल माझ्या कामाचं आहे का?

फारसं नाही. बंदुकीची खिडकी उजवीकडे असते म्हणून होल्डर डावीकडे बसतो आणि उजव्या हाताने झाडणाऱ्याचा मोकळा डावा हात तिथे सहज पोचतो. तुमचा मोकळा हात उजवा, त्याला बंदुकीखालून पलीकडे जावं लागतं. बट कफ तुम्हाला जास्त सोयीचा. तो काडतुसं दस्त्याच्या डाव्या अंगाला येतील असा चढवा, म्हणजे तुमचा गाल टेकतो त्याच्या उलट बाजूला. उजव्या हाताने झाडणाऱ्यांनी उजव्या अंगाला. गालाखाली काडतुसांची रांग आली तर पहिल्याच धक्क्याला कळतं.

१३. रेड डॉट आणि होल्डर दोन्ही हवेत. जमेल?

८७० वर सहसा जमतं, कारण होल्डर बाजूच्या पिनांवर आणि रेड डॉट माथ्यावर. मॉसबर्गवर होल्डरने माथ्याची भोकं घेतली असतील तर दोन्ही एकाच जागेसाठी भांडतात. त्यावर उपाय म्हणजे होल्डर आणि रेल (रेड डॉट बसवायची पट्टी) एकत्र असलेला जोड घेणं, किंवा माथ्यावर रेड डॉट ठेवून बाजूला शेल कार्ड. दुसरा स्वस्त आणि सोपा.

१४. बट कफ पुढे सरकत येतो. किती आवळू?

आवळून थांबत नाही. झाडल्यावर बंदूक झटक्याने मागे येते, कफ मात्र जडत्वाने जागेवर राहू पाहतो, म्हणजे दस्त्यावर पुढे सरकतो. दस्ता पुढे निमुळता होत जातो, त्यामुळे सरकला की आणखी सैल होतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक रुंद पट्टा कापून आधी दस्त्यावर चढवा आणि त्यावर कफ. रबर दोन्हीकडून पकडतं. वादीने बांधायचा चामड्याचा कफ असेल तर वादी मागून पुढे ओवत या आणि गाठ खालच्या अंगाला येऊ द्या, वर आली तर हाताला लागते.

१५. होल्डर कायम भरून ठेवला तर चालतं का?

प्लास्टिक किंवा ॲल्युमिनियमच्या होल्डरात चालतं, पण काडतुसं बदलत राहा. महिनोन्‌महिने एकाच जागी दाब राहिला की टरफलावर वळ पडतो, आणि चेपलेलं काडतूस चेंबरमध्ये अडखळतं. वळ पडलेली सरावाला वापरून टाका. इलॅस्टिकला भरून ठेवणं मानवत नाही, ते ताणलेलंच राहून सैलावतं.

चामड्यात मात्र काडतुसं मुक्कामाला ठेवू नका. कमावलेल्या चामड्यातली द्रव्यं आणि ओल मिळून पितळावर हिरवा चिकट थर धरतो. असं काडतूस आत गेलं तर बाहेर यायला कुरकुरतं. फ्लोरिडात किंवा कोकणात पावसाळ्यात हे भराभर होतं. होल्डरच्या पट्टीखाली आणि वेल्क्रोच्या कडेनेही पोलादाला गंज धरतो. ८७० एक्सप्रेसचा फिनिश या बाबतीत नाजूक आहे. पिनवाला होल्डर वर्षातून एकदा काढा, खाली तेलाचा हलका हात फिरवा, परत बसवा.

१६. शिकारीला आणि प्रवासात होल्डरवरच्या काडतुसांचे नियम काय?

अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीला चेंबर आणि मॅगझिन मिळून तीनपेक्षा जास्त काडतुसं मावू नयेत, असा केंद्रीय नियम आहे. होल्डरवरची काडतुसं त्यात मोजली जात नाहीत, मॅगझिनमधला अडसर तेवढा जागेवर हवा. खरा सापळा दुसरा आहे. बदकं आणि हंसांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद आहेत, आणि बंदी फक्त झाडण्यावर नाही, शिकार करताना जवळ बाळगण्यावरही आहे. साइड सॅडलमध्ये घरच्या रक्षणासाठी ठेवलेली शिशाची बकशॉट (मोठ्या छर्ऱ्यांची काडतुसं) तशीच राहिली आणि तुम्ही तळ्यावर गेलात, तर एकही न झाडता नियम मोडतो. निघण्याआधी होल्डर रिकामा करा.

मोटारीतून नेताना 'भरलेली बंदूक' कशाला म्हणायचं हे राज्याराज्यांत वेगळं आहे, म्हणून काडतुसं काढून वेगळी ठेवणंच सुरक्षित. विमानात बंदूक चेक-इन सामानात, रिकामी आणि कुलपाच्या कडक पेटीत जाते, काडतुसं पुठ्ठ्याच्या, लाकडाच्या, प्लास्टिकच्या किंवा धातूच्या त्यासाठीच्या डब्यात. बंदुकीवरच्या होल्डरमध्ये अडकवलेली काडतुसं काउंटरवर वाद ओढवून घेतात.

१७. भारतात माझ्याकडे डबल बॅरल बारा बोअर आहे. साइड सॅडल बसेल?

नाही, आणि बसवायचा प्रयत्नही करू नका. मोडून, म्हणजे मधून वाकवून, भरायच्या बंदुकीच्या बाजूच्या पट्ट्यांत कळा असतात, तिथे भोक पाडणं म्हणजे बंदूक वाया घालवणं. तुम्हाला दोनच पर्याय, चामड्याचा बट कफ किंवा कमरेचा पट्टा. आमचं मत पट्ट्याच्या बाजूने आहे. डबल बॅरल मोडली की दोन्ही चेंबर कमरेच्या उंचीला येतात आणि हात आपसूक पट्ट्यावर जातो. तिरुचिरापल्लीच्या आयुध कारखान्याच्या पंप ॲक्शनसाठी शेल कार्ड लावता येईल, मात्र प्रश्न ६ मधली पेन्सिलीची खूण आधी करून पाहा. ८७० साठी बनलेले पिनवाले होल्डर तिच्यावर ठोकून बसवू नका.

चांभाराकडून कफ शिवून घेणार असाल तर नमुन्याला बंदूक नेऊ नका. दस्त्याचा घेर दोन ठिकाणी सुतळीने मोजून द्या, आणि कप्प्याच्या मापाला बारा बोअरचं रिकामं टरफल. बुडाची कड वर अडेल इतकाच कप्पा सैल हवा.

१८. ६५ मिमी आणि ७० मिमी काडतुसं एकाच पट्ट्यात ठेवली तर?

हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा गंभीर आहे. हे माप झाडल्यानंतर उलगडलेल्या टरफलाचं असतं. न झाडलेली दोन्ही काडतुसं पट्ट्यात जवळपास सारखीच दिसतात, आणि ७० मिमीचं काडतूस जुन्या ६५ मिमी चेंबरमध्ये सहज जातंही. झाडल्यावर त्याची मिटलेली घडी चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात उलगडते, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची शक्तिमान काडतुसं दोन्ही लांबीत मिळत आली आहेत, तेव्हा पेटीवरचा आकडा वाचा आणि तो नळीवर कोरलेल्या आकड्याशी ताडा. नळीवरचा आकडा पुसट असेल तर परवानाधारक गनस्मिथकडून चेंबर मोजून घ्या. तोवर ६५ मिमीच. पट्ट्यात मिसळ नको.

१९. होल्डर लावला तर परवान्यावर नोंद करावी लागते का? काम कोणाकडून करू?

नुसता चढवलेला कफ, पट्टा किंवा चिकटवलेलं कार्ड म्हणजे शस्त्रात बदल नव्हे. पण भोक पाडणं, आटे कापणं, पिना बदलणं यांपैकी काही करायचं असेल तर ते परवानाधारक गनस्मिथचंच काम. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायाला स्वतंत्र परवाना लागतो, गावातला लेथवाला त्यात बसत नाही. होल्डर किती काडतुसांचा आहे याने तुमची मर्यादा वाढत नाही. परवान्यावर लिहिलेला आकडा तोच खरा.

निवडणुकीच्या काळात बंदूक जमा करण्याचा आदेश आला तर कफ आणि कार्ड उतरवून घरी ठेवा. पावतीवर त्यांची नोंद होत नाही, मग परत मागताना पंचाईत. आणि पट्ट्याचे, पिशवीचे कोपरे चाचपून पाहा. विसरलेलं एक जिवंत काडतूस विमानतळाच्या तपासणीत सापडलं तर परवाना असूनही दिवसभर पोलिसांसमोर बसावं लागतं.

२०. होल्डर नको झाला. बंदूक पहिल्यासारखी होईल?

पिनवाला असेल तर हो, जुन्या पिना जपून ठेवल्या असतील तर. स्क्रू सोडवताना निळा थ्रेडलॉकर आधी अडतो, मग एकदम सुटतो. हट्टी असेल तर केस वाळवायच्या ड्रायरने ऊब द्या, जवळ प्लास्टिकचा ट्रिगर साचा आहे म्हणून ज्योत नाही. मग प्रश्न ४ उलट्या क्रमाने: स्क्रूच्या मागोमाग पिन, एका वेळी एक. पट्टीखालचा रंग बाकी रिसीव्हरपेक्षा गडद दिसेल, त्याला इलाज नाही.

वेल्क्रो काढायला ड्रायरने एक कोपरा गरम करून उचला आणि मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्याने करवतीसारखं खालून कापत जा. उरलेला गोंद अंगठ्याने चोळून गोळा करा, राहिलेला अल्कोहोलने पुसा. चाकू लावू नका. ॲल्युमिनियमच्या मॉसबर्गवर तो ओरखडा कायमचा राहतो. शेवटी पुसलेल्या जागेवर लगेच तेलाचा हात फिरवा, अल्कोहोलने तेल काढलेलं उघडं पोलाद दमट हवेत लवकर गंजतं.